रेकाडवरचा ढावलो

भावसिंग त्या दिशी कनेरगाव नाक्यावर गेला तो बैलाच्या पायात पत्र्या ठोकायला. दुसरं काही काम नव्हतं. हे आधीच सांगून ठिवतो, कारन मागून लोकांनी लई काही उठवलं. कुनी म्हनलं हरिचंदचा जीव घ्यायलाच गेलता. कुनी म्हनलं पिऊन गेलता. ज्याला तसं म्हनायचं तेनं खुशाल म्हनावं, पन मंग ही गोष्ट ऐकत बसू नये. उठून जावं.

चैताचं ऊन व्हतं. साखऱ्याच्या अंगाला भावसिंगचा तांडा. तिथून तो सकाळीच बांड्याला घिऊन निघाला. बांड्या म्हंजी तेचा बैल, शेपूट आखूड म्हून बांड्या. ह्यो बैल तसा भावसिंगचा न्हाईच. तेच्या बहिनीचा, रूपाबाईचा. दुष्काळाच्या साली गाय मेली आन हे वासरू मागं उरलं. तवा रूपाबाई तळ्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं खायला सुकडी मिळायची, तेच्यातली अर्धी पदरात बांधून आनायची आन ह्येच्या तोंडात घालायची. वासरू जगलं. पोरगी मेली. तिथंच, कामावरच, ताप आला, घरी आनली आन गेली. संतरामशी सोयरीक झालती, लगीन व्हायचं व्हतं. तिची आई मरस्तोवर एकच बोलायची, "माज्या लेकीनं एक ढावलो बी न्हाई गायला रे. तशीच गेली."

ढावलो तुमाला ठावं नसंल. तांड्यावर पोरगी सासरी निघाली का एकेकाच्या गळ्यात पडून रडती. निस्तं रडनं न्हाई, गाऊन रडनं. आईचा गळा धरला का आईचं नाव घिऊन, काकीचा धरला का काकीचं. शेवटी भावाचा. ऐकनाऱ्याचं काळीज चिरतं. पोरी हे म्हाताऱ्यांपाशी बसून शिकतात. रूपाबाई मिराबाईपाशी शिकली. पन मिराबाईची शिस्त अशी, का शिकताना नाव घ्यायचं न्हाई. नावाच्या जागी निस्तं ऊं करायचं. "नाव घ्यायचं ते गळा धरूनच," म्हनायची म्हातारी, "आन ते बी एकदाच. नाव घेतलं का घर सुटलं. मंग ज्या भावाचा गळा शेवटी धरला तेनं तिला सासरी पोचवायचं."

तर नाक्यावर नालबंदानं बांड्याला दोरानं पाडलं, चारी पाय बांधले, आन एका पायात पत्री ठोकली. रस्त्याच्या पल्याड शिनिमाचा तंबू लागलेला. भोंगा निंबावर बांधलेला. दुपारचं कुनी तिकडं बघत बी नव्हतं. तेवढ्यात भोंग्यातून आवाज निघाला. विजेच्या खांबाला कान लावला का घूं ऐकू येतं न्हाई का, तसा. आधी बारीक. मंग जाड झाला, असा का दातांत बसावा. नालबंद म्हनला, "ह्ये त्या भुताच्या पिच्चरचं. रोज ह्या वक्ताला लावून बघतात. डोस्कं उठतं नुसतं."

आन मंग त्या घूं मधून बाई रडाया लागली.

बांड्या बांधलेला व्हता. तरी तेनं मान अशी उचलली का दोर कचकन वाजला. दोन्ही कान भोंग्याकडं. तोंडानं वासरावानी आवाज काढला… इतका मोठा बैल, आन बारीक वासराचा आवाज. नालबंद हातोडा टाकून मागं सरला.

भावसिंग मातर जागचा हालला न्हाई. तेनं तो आवाज कवाच वळखला व्हता. चार पावसाळे झाले व्हते, पन बहिनीचा आवाज वळखाया मानसाला काही लागत न्हाई.

"बैल सोड," तो नालबंदाला म्हनला.

"आरं तीन पाय बाकी हाईत अजून."

"सोड म्हनलं ना!"

बैलाचा कासरा हातात धरूनच तो तंबूत शिरला. बैल भाईर बांधायचं बी तेला सुचलं न्हाई.

आत हरिचंद बसलेला. ह्यो हरिचंद कोन, तर भावसिंगच्याच तांड्यावरचा, लहानपनापसून संगं वाढलेला. एका ताटात जेवलेला. आता भोंगेवाला म्हून पार हिंगोलीकडल्या गोरेगावपसून तेचं नाव. कुनाच्या बी लग्नात हरिचंदचा भोंगा. तेचं मशीन तांड्यावर आलं, तवा गोरेगावच्या मोटारीपसून तांड्यापोत्तर ती पेटी भावसिंगनं सोताच्या डोक्यावर आनली व्हती. मान आखडली व्हती दोन दिवस. पन केवढा फुगून चालत व्हता! आपल्या दोस्ताचं मशीन म्हून.

तेच मशीन आता तंबूत पेटाऱ्यावर ठिवलेलं. बॅटरीवर चालून राहिलं व्हतं. वर रेकाड फिरत व्हती, मोठ्या भाकरीएवढी, काळी.

"ये ये, भावसिंग!" हरिचंद उठला. "बैल बी पिच्चर बघाया आनला का काय? तेचं तिकीट अर्धं लावतो."

"हे कोन रडून राहिलंय?"

"कोन म्हंजी? पिच्चरचं भूत हाय ते. मुंबईची बाई हाय कोनी."

भावसिंगनं तेच्या कानाखाली अशी दिली का हरिचंद पेटाऱ्यावर पडला. सुई खरकन सरकली आन रडनं थांबलं. मागच्या कनातीतून टाकीजवाला शेषराव पळत आला. हे शेषराव म्हंजी तंबूचे मालक. जाडे, गळ्यात पावडर, जेवनाचा खरकटा हात तसाच.

"अरे, रेकाडला काही झालं तर जान घेईन मी!" पहिलं रेकाडकडं धावले ते, हरिचंदकडं न्हाई. "मुंबईहून मागवलीय. पिच्चर जुनं, त्याचा आवाज पार फाटला होता, लोक हसायचे भुताला. मग कंपनीनं विजेच्या पेटीवर सगळं नवं म्युझिक बसवलं, आणि ते असं रेकाडवर काढलं. दुकानात सुद्धा विकतात. पिच्चर मुकं लावायचं आणि वरून ही रेकाड. आता बायामानसं किंचाळत बाहेर पळतात! आणि तू कोण रे?"

"हिचा भाऊ," भावसिंग म्हनला.

शेषराव हसले. मंग तेच्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. रेकाडचं पाकीट पुठ्ठ्याचं व्हतं, तेच्यावर पांढऱ्या डोळ्याच्या बाईचं चित्र. ते भावसिंगनं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. वाचता येत नव्हतं तेला. आलं असतं तरी काय उपेग? तेच्यावर कुठं रूपाबाईचं नाव असनार व्हतं.

"शेषरावजी," हरिचंद गाल धरून म्हनला, "तुमी जेवून घ्या. आमचं घरचं हाय."

"घरचंच असू दे, पण रेकाडला हात लागता कामा नये. तुझ्याआधी तीन माणसं पळाली माझी. तू तरी टिक." जाता जाता ते म्हनले, "आणि ते फडकं बदल खांद्यावरचं. पुन्हा ओलं झालंय. चैतात कुठून गळतो हा तंबू, देव जाने."

तवा भावसिंगचं ध्यान गेलं. हरिचंदच्या डाव्या खांद्यावर फडकं व्हतं, चौघडी घातलेलं, आन ते वल्लं गच्च. खाली सदरा बी वल्ला. उजवा खांदा कोरडा. तंबूवर ऊन असं कोसळून राहिलं व्हतं का वरच्या भोकांतून उजेडाच्या सुया खाली आलत्या. तापल्या कापडाचा वास, शेंगाच्या टरफलांचा वास, बिडीचा वास. आन तेच्यात एक दुसरा वास. वल्ल्या खडीचा. पहाटच्या पारी खडीवर दंव पडलं का येतो तो.

"बोल," भावसिंग म्हनला.

हरिचंद खाली बसला.  मंग म्हनला, "तळ्याच्या कामावर मुंबईचा एक मानूस आलता. टेपचं मशीन घिऊन. गानी गोळा करून राहिलो म्हने. जात्यावरची, लग्नाची. मी म्हनलं आमच्यात ढावलो असतो. तो म्हनला ऐकव. मी रूपाबाईला म्हनलं…"

"आन ती गायली? लगीन नसताना? नाव घिऊन?"

"आधी न्हाई म्हनली. नाव न घेता गाते म्हनली. तो मानूस म्हनला तसं नको, तसं खरं वाटत न्हाई." हरिचंदनं तोंड पुसलं. "मंग मी समजावलं तिला. रेडिओत जाईल म्हनलं. आपल्या तांड्याचं नाव व्हईल."

"आन मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू मारलं असतं मला."

"मंग आता काय करून राहिलो?"

हरिचंद कसनुसा हसला. भावसिंग न्हाई हसला. तो मशीनकडं बघून राहिला व्हता. पितळी खिळे मारलेली ती पेटी. त्या खिळ्याचा वळ कपाळावर उठला व्हता तेच्या, डोक्यावर आनताना.

"हे मशीन," तो हळूच म्हनला. "हे तुज्या मामानं दिलं म्हनला व्हतास तू."

हरिचंदनं पेटी आपल्याकडं वढली.

"त्या मुंबईवाल्यानं दिलं. हां? तिला गाया लावलं आन हे धाडून दिलं. आन हे मी डोक्यावर आनलं. माज्या बहिनीच्या बदल्यातलं मशीन मी माज्या डोक्यावर आनलं, हरिचंद. ती चार दिवसांनी तापानं फनफनून राहिली व्हती, आन मी भाईर तुजा भोंगा निंबाला बांधाया चढलो व्हतो! तू खालून म्हनत व्हतास, अजून वर बांध, भावसिंग, अजून वर!"

तेनं ती पेटी दोन्ही हातांनी उचलली. फोडनारच व्हता. तेनं आजपोत्तर रागात काय फोडलं न्हाई? कंदील फोडला, घागर फोडली, एकदा सोताची खिडकी फोडली. पन पेटी वर धरल्यावर रेकाड जराशी फिरली, आन सुईखालून एक बारीकसा हुंदका निघाला. निस्ता हुंदका.

 पेटी हळूच, निजलं लेकरू ठिवावं तशी, तेनं खाली ठिवली.

"पहिल्यापसून लाव," तो म्हनला. "मला पुरता ऐकू दे."

"नको, भावसिंग. ऐक माजं. ही ऐकायची चीज न्हाई…"

"तिनं आईचं नाव घेतलं असंल. बापाचं घेतलं असंल. माजं बी घेतलं असंल. शेवटचं नाव भावाचं असतं. माजं नाव तिनं घेतलंय, आन ते आजपोत्तर मला कुनी सांगितलं न्हाई. लाव!"

हेच तेला पायजे व्हतं. बघा, दुसरं काहीच न्हाई. बहीन तेच्या गळ्यात पडून गेली न्हाई, ह्ये तेला आतून खाऊन राहिलं व्हतं. आता तिथं, त्या काळ्या भाकरीत, ती तेचं नाव घिऊन रडली असनार. तेवढं कानानं ऐकायचं. तेनं बंडीची बटनं काढली, मान उघडी केली, आन मशीनपुढं उकिडवा बसला. जसा भाऊ बसतो तसाच.

हरिचंदनं सुई ठिवली.

आधी घूं. मंग त्या विजेच्या पेटीचे आवाज. रिकाम्या हिरीत कुनीतरी लोखंडी तार ओढावी तसे. कुठून येत्यात ते कळू नये, तंबूच्या मागून का सोताच्या पोटातून. बांड्या दारात उभा. तेचं अंग थरथरून राहिलं व्हतं.

मंग ती.

"याडी ये…" आईला हाक. मी तुमाला समजंल असं सांगतो, ती तांड्याच्या बोलीत गायली. "याडी ये, तुज्या चुलीपुढली माजी जागा मोकळी झाली… तिथं आता कोन बसंल…" आवाज अगदी कानाशी. तिची नथ माईकला लागून टिक टिक वाजलेली बी ऐकू येत व्हती. मंग बापाचं नाव. मंग काकीचं. एकेक नाव घेतलं का मागची विजेची पेटी जराशी वर चढायची, जशी तिला माघारी येऊ देत नव्हती. मंग तिनं वासराचं बी नाव घेतलं. "बांड्या रे… तुला सुकडी कोन घालंल…" दारात बैलानं खाली बसकन मारली.

भावसिंगच्या डोळ्यातून धार लागली व्हती. मान तशीच पुढं. आता भावाचं नाव.

रेकाड फिरली. ती दम घेत व्हती. तिचा श्वास ऐकू आला…

"भिया रे… हरिचंद भिया रे…"

 ती गातच व्हती. "हरिचंद भिया, तुजा गळा धरला… मला लांब नेऊ नको, भिया… संगं चल, मला एकलीला सोडू नको…"

भावसिंगनं मान वर केली. हरिचंद डोळे मिटून बसला व्हता, आन तेचा डावा खांदा खाली झुकला व्हता. कुनीतरी भार टाकावा तसा. तेच्या गळ्याभवती कातडी आत दबलेली दिसत व्हती, दोन हातांची मिठी असावी तशी. आन फडक्यातून पानी टपटप खाली पडून राहिलं व्हतं. मातीवर. एकाच जागी.

रडनं सरलं. रेकाड शेवटच्या रेघेवर गेली. खर्र… खट. खर्र… खट.

"तू गळा दिलास तिला," भावसिंग म्हनला. आवाज असा का तेचा तेलाच ऐकू येऊ नये.

"तिला गळा लागत व्हता. तेच्याबिगर तिला रडूच येईना…" हरिचंद लेकरासारखा बोलून राहिला व्हता. "मी म्हनलं मीच तुजा भाऊ समज. निस्तं गान्यापुरतं. तिनं तवा जी मिठी मारली भावसिंग… ती सुटलीच न्हाई. रेकाड लागली का लई जड व्हती. न लागली तरी असतीच. मी निजतो तरी असती. फोड ही रेकाड. तू फोड. माज्यानं व्हत न्हाई."

"फोडून काय व्हनार हाय? असल्या शंभर असतील."

"मंग मी काय करू?"

आता भावसिंगच्या मनात काय आलं ते तेलाच ठावं. हरिचंदवर तर तो चिडला व्हताच. पन तेच्याहून बहिनीवर. सख्खा भाऊ खडीच्या ढिगाच्या पल्याड घन मारून राहिला व्हता, हाकंच्या अंतरावर, आन ही दुसऱ्याला भाऊ करून दुसऱ्याच्या गळ्यात पडली. तेला माहीत बी न्हाई. मानूस परक्यानं फसवलं तर भांडून मोकळा व्हतो. घरच्यानं आन दोस्तानं संगनमतानं फसवलं तर भांडायचं कुनाशी?

"गळा तू दिला," तो उठून म्हनला. "मंग पोचवायची बी तूच. रीत ठावं हाय ना? नेऊन पोचव तिला."

"कुठं नेऊ? संतरामचं लगीन झालं, लेकरं झाली तेला!"

"ते मला काहून इचारतोस? घराच्या भाईर काढलीस तवा मला इचारलं व्हतं? ऊठ! आत्ता ऊठ. ती तुला म्हनून राहिली ना, एकलीला सोडू नको म्हून? जा तिच्या संगं!"

ह्ये तेनं रागात म्हनलं. पन म्हनलं.

हरिचंद उठला. तेनं फडकं काढून मशीनवर ठिवलं. पायात वहाना बी घातल्या न्हाईत. तंबूभाईर गेला आन वाशीमच्या रस्त्याला लागला. भावसिंग दारातून बघत राहिला. नालबंदानं बी पायलं, इचारा तेला. रस्त्याच्या कडंनं निंबाची झाडं, तेंच्या खाली सावलीची एक पट्टी पडलेली. अनवानी मानूस सावलीतून चालंल का न्हाई? हरिचंद उन्हातून चालून राहिला व्हता. तापल्या डांबरावरून. सावलीची पट्टी डाव्या हाताला मोकळी ठिवलेली, कुनासाठी तरी. आन हळू चालत व्हता, बाईमानसाच्या चालीनं. मधीच थांबायचा. मंग परत निघायचा.

बांड्यानं कासऱ्याला इतका हिसका दिला का भावसिंगच्या तळहाताची सालटं निघाली.

हरिचंद परत आला न्हाई. तेच्या घरच्यांनी लई हुडकलं. शेषरावांनी दुसरा भोंगेवाला पायला आन तंबू उचलून गेले. तांड्यावर कुनी भावसिंगला काही बोललं न्हाई, पन दारावरून जाताना आवाज बारीक करायचे. तेनं बायकोला सुदिक सांगितलं न्हाई, तिथं काय ऐकलं ते.

पावसाळा झाला. पोळ्याला बांड्याच्या गळ्यातली घंटा दगडावर आपटून तडकली. तेच्यानंतर ती टन वाजायची न्हाई, निस्ती ठस्स वाजायची. भावसिंगनं तशीच राहू दिली.

दिवाळीच्या आधी तो हिंगोलीला गेला, दोर घ्यायला. बाजारात एका दुकानापुढं थांबला. काचेमागं तोच पुठ्ठा. पांढऱ्या डोळ्याची बाई.

दुकानदार पोरगेला, टेसदार केसाचा. "क्या होना, भाई?"

"वो लगाओ. पूरा."

"डर जाओगे."

"लगाओ तुम."

तेनं लावली. भावसिंग खांबाला टेकून उभा राहिला. घूं झालं. आई झाली, बाप झाला, काकी झाली. बांड्या झाला. "हरिचंद भिया रे…" ते बी झालं. तेनं दात दाबून ऐकलं. रडनं सरलं. आता शेवटची रेघ लागनार म्हून तो निघाला.

पन रेघ लागली न्हाई.

रडन्याच्या पुढं चालल्याचा आवाज व्हता. दोन मानसांचा. एकाचे पाय अनवानी, जड. दुसरीच्या पायात वाळे. लांबून जवळ येत व्हते. मातीवरून, मंग खडीवरून, मंग परत मातीवरून. मंग ठस्स… ठस्स… घंटा. तडकलेली घंटा. मंग एका दाराची कडी वाजली, तीनदा. भावसिंगच्या दाराची कडी एका बाजूनं ढिली हाय, ती वाजताना आधी घसरती आन मंग लागती. तशीच.

मंग मानसाचा आवाज, आतून. "कोन हा…"

शेवटचं अक्षर गिळलेलं. आवाज भावसिंगचा.

मंग शेवटची रेघ. खर्र… खट.

"हे… हे कधी घातलं हेच्यात?" तेला हिंदी बी सुचंना.

"क्या कधी? कंपनीसेच ऐसा है. दो साल से दुकान में पडी है." पोरगा हसला. "बोला था ना, डर जाओगे."

दोन साल. घंटा तर पोळ्याला तडकली.

सांगा आता. बहिनीचा आवाज नेला तवा निदान तिला फसवून का व्हईना, पन समोर बसवून नेला. ह्येचा तर न इचारताच घेतला. जे अजून तेच्या तोंडातून निघालं बी नव्हतं ते बी तिथं जाऊन बसलं. भावसिंग दोर न घेताच माघारी आला.

तवापसून तेच्या दारावर कुनी कडी वाजवत न्हाई. तेनं तांडाभर सांगून ठिवलं. यायचं तर लांबूनच आपलं नाव घ्या, मंग या. आन कडी वाजलीच चुकून, तर तो ओ देत न्हाई. दोन्ही हातांनी तोंड दाबून बसतो. वारा असो, कुत्रं असो. बायको रुख्मिणीबाई आधी चिडायची. म्हनायची, "मानसं येड्यात काढून राहिलीत तुमाला!" मंग एक दिस तेनं तिला समदं सांगितलं, आन तिनं बी बोलायचं सोडलं.

परत चैत आला. भर दुपार. रुख्मिणीबाई आत तूर निवडत बसली व्हती. भावसिंग भिंतीला टेकलेला. बांड्या भाईर गोठ्यात. उन्हानं तांडा असा गप झाला व्हता का कोंबडं बी बोलंना.

भाईर घंटा वाजली. ठस्स. मंग परत ठस्स. बांड्या उठून उभा राहिला असंल. मंग तेचा आवाज आला, बारीक, वासराचा.

रुख्मिणीबाईचा हात सुपातच राहिला.

कडी घसरली. लागली. एकदा… दोनदा.

भावसिंगनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळे पांढरे झाले, पन सोडलं न्हाई. किती वेळ गेला कोन जाने. परत कडी न्हाई वाजली. माघारी गेल्या पायांचा आवाज न्हाई. भाईर कुनी व्हतं तर ते उभं व्हतं नुसतं.

"अवो…" रुख्मिणीबाई हळूच म्हनली. "तुमचा खांदा…"

तेनं बघितलं. बंडीचा डावा खांदा. आधी टिकलीएवढा डाग. मंग रुपयाएवढा. मंग खांदाभर. वल्लं. गरम. गळ्याभवती कायतरी हळूच आवळत चाललं, दुखत नव्हतं, लेकरानं धरावं तसं. आन वल्ल्या खडीचा वास.

आली व्हती ती. भावाच्या गळ्यात पडायला आली व्हती शेवटी. किती वर्सं ह्येच्यासाठी मान उघडी ठिवली तेनं! तेचा एक हात आपसूक तोंडावरून सुटला आन खांद्याकडं गेला. तिच्या पाठीवरून फिरवायला जावा तसा.

तेवढ्यात कडी परत घसरली. तिसऱ्यांदा.

ती तर आत व्हती. हितं. गळ्यात. मंग दारात…

"कोन हा…"

तोंडातून निघून गेलं. शेवटचं अक्षर तेनं गिळलं, पन उशीर झाला व्हता. रुख्मिणीबाईनं ऐकलं. दाराच्या पल्याड जे कोन व्हतं तेनं बी ऐकलं.

दोघं बी दाराकडं बघत राहिले. ह्येच्यापुढं रेकाडवर काहीच नव्हतं.

आन मंग दाराच्या अगदी फटीशी, भाईरून, आवाज सुरू झाला. खर्र… खट. खर्र… खट.